नव्या पियानोला पुन्हा पुन्हा ट्यूनिंग का लागतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पियानो ट्यून करण्याच्या कामात हे प्रश्न मला सतत विचारले जातात. काही फोनवर येतात, काही मी झाकण उघडून तारांवर वाकलेलो असताना पाठीमागून. बहुतेकांच्या मागे एकच काळजी असते: एवढा नवा पियानो घेतला आणि तो बेसूर होतोय, म्हणजे आपण फसलो तर नाही ना? उत्तरं सविस्तर दिली आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात जात असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पियानो नवा कोरा आहे. मग त्याला ट्यूनिंग कशाला?

नवा आहे म्हणूनच. पियानोच्या पट्ट्या ८८ असल्या तरी तारा साधारण २३० असतात. मधल्या आणि वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन, खालच्या काही स्वरांना दोन आणि अगदी खर्जातल्या स्वरांना एकेकच जाड तार असते. यातली प्रत्येक तार ढोबळमानाने ७० ते ९० किलोच्या ताणाने ओढून बांधलेली असते. सगळ्यांचा मिळून ताण १६ ते २० टन भरतो. हा भार पेलते ती ओतीव लोखंडाची चौकट. बोस्टनच्या अल्फियस बॅबकॉक यांनी अशा अखंड चौकटीचं पेटंट १८२५ मध्ये घेतलं, आणि त्यानंतर तारा इतक्या ताणणं हळूहळू शक्य होत गेलं.

लोखंडी चौकट जागची हलत नाही. पण तारेचं पोलाद, साउंडबोर्डचं (तारांचा आवाज मोठा करणाऱ्या फळीचं) लाकूड, ब्रिज (त्या फळीवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तारा ज्यांना गुंडाळून ताणतात त्या खुंट्या या सगळ्यांना त्या भाराखाली आपापली जागा धरायला वेळ लागतो. जुन्या पियानोत हे केव्हाच होऊन गेलेलं असतं. नव्यात ते तुमच्या घरी, तुमच्या डोळ्यांदेखत चालू असतं, आणि ते चालू असेपर्यंत सूर उतरत राहतो. पहिल्या वर्षात सूर न उतरलेला नवा पियानो मी अजून पाहिलेला नाही.

२. कारखान्यातून ट्यून करूनच पाठवतात ना?

हो, आणि एकदा नव्हे, अनेकदा. तारा चढवल्यावर हातोड्यांची यंत्रणा बसवण्याआधीच तारा छेडून पहिलं ओबडधोबड ट्यूनिंग करतात. पुढे मधे काही काळ जाऊ देऊन पुन्हा, मग पुन्हा. चांगला कारखाना यात कसूर करत नाही. पण तारेचं बसणं महिन्यांच्या हिशोबाने चालतं, आणि तितका काळ प्रत्येक पियानो थांबवून ठेवणं कारखान्याला शक्य नसतं. उरलेलं काम घरी होतं. म्हणूनच पहिल्या वर्षीच्या ट्यूनिंगला मी निव्वळ देखभाल म्हणत नाही. पियानो घडवण्याचा तो शेवटचा टप्पा आहे.

शिवाय कारखान्याची हवा वेगळी, गोदामाची वेगळी, तुमच्या खोलीची वेगळी. त्याचं काय होतं ते प्रश्न ४ मध्ये आहे.

३. पोलादाची तार काय रबरासारखी लांबते?

लांबते, आणि पियानोचा सगळा सूर त्या लांबण्यावरच उभा असतो. मधल्या सप्तकातला ‘ए’ घेऊ, ज्याची कंपनसंख्या ४४० हर्ट्झ. त्याची तार साधारण १ मिलिमीटर जाड असते. वाजणारा भाग ४० सेंटिमीटरच्या आसपास, आणि दोन्ही टोकांचे न वाजणारे तुकडे धरून तार ६० सेंटिमीटर आहे असं समजा. हिला ७५ किलोचा ताण दिला की ती जेमतेम ३ मिलिमीटर लांबते.

आता या ३ मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे ०.०३ मिलिमीटर, कुठेतरी सैल पडला. माणसाचा केस साधारण याच्या दुप्पट जाड असतो. तेवढ्याने ताण एक टक्क्याने घटतो, कंपनसंख्या अर्ध्या टक्क्याने घटते आणि ४४० चा स्वर ४३७.८ वर येतो. जाणकार कानाला हे लगेच कळतं. हाच फरक खुंटीच्या हिशोबात पाहिला तर ७ मिलिमीटर व्यासाची खुंटी अर्धा अंश फिरल्याइतका आहे.

नव्या तारेला असं सैल पडायला जागा पुष्कळ असतात. खुंटीभोवती तारेचे तीनेक वेढे असतात, ते हळूहळू आवळत जातात. ब्रिजवर तार दोन तिरप्या खिळ्यांमधून नागमोडी जाते. नवी तार ताठ असल्यामुळे तिथे काटेकोर वळण न घेता किंचित गोलाई धरते, आणि काही महिन्यांत ती गोलाई मोडून वळण धारदार होतं. खालच्या टोकाला ती लोखंडी खिळ्याला वळसा घालते, तिथेही तसंच. आणि पोलाद स्वतः एवढ्या ताणाखाली अगदी संथपणे लांबत राहतं. प्रत्येक ठिकाणी सैल पडणारं अंतर डोळ्यांना दिसणारही नाही, पण वरचा हिशोब पाहिलात तर एवढ्याशाने किती बिघडतं ते कळेल.

हे लांबणं सुरुवातीला भराभर होतं, मग मंदावतं. पहिली ट्यूनिंग जवळजवळ घ्यायची आणि पुढची लांब लांब, याचं कारण हेच.

४. म्हणजे एकदा तारा बसल्या की ट्यूनिंग संपलं?

नाही. तारांची गोष्ट दोनेक वर्षांत बरीचशी निवते, पण लाकडाची कधीच संपत नाही.

तारांच्या खाली (अपराइटमध्ये, म्हणजे उभ्या पियानोत, मागे) साउंडबोर्ड असतो. स्प्रूसच्या लाकडाची ती रुंद फळी एक सेंटिमीटरपेक्षाही पातळ असते आणि ती सपाट नसते, तिला मधोमध किंचित फुगवटा दिलेला असतो. हवा दमट झाली की लाकूड ओलावा शोषून रुंदीत फुगतं. फळीच्या कडा चौकटीत पक्क्या बसवलेल्या असल्यामुळे तिला बाजूला पसरायला जागा नसते, म्हणून ती वर उचलली जाते. तिच्यावरचा ब्रिज तारांना वर ढकलतो, ताण वाढतो, सूर चढतो. हवा कोरडी झाली की उलट होतं आणि सूर उतरतो.

हे सगळ्या स्वरांना सारखंच झालं असतं तर निदान पियानो स्वतःशी तरी सुरात राहिला असता. तसं होत नाही. खर्जाच्या तांबं गुंडाळलेल्या तारांचा ब्रिज वेगळा असतो आणि त्या कमी हलतात. सगळ्यात जास्त हलतो तो मधला भाग, विशेषतः जाड तारा संपून साध्या पोलादी तारा सुरू होतात तिथला पट्टा. बाकीचे स्वर जागेवर आणि मधला पट्टा तेवढा चढलेला, असं ऋतू बदलताना हमखास दिसतं.

नव्या पियानोत ही दोन्ही कारणं एकदम काम करतात. दमट दिवसांत साउंडबोर्डने सूर वर ढकललेला असतो आणि तारा खाली खेचत असतात, त्यामुळे काही काळ सगळं ठीक असल्यासारखं वाटतं. हवा कोरडी झाली की दोन्ही एकाच दिशेने ओढतात आणि पियानो एकदम कोसळल्यासारखा वाटतो. घाबरलेले फोन मला याच दिवसांत येतात.

५. पियानो घरी आला. पहिलं ट्यूनिंग लगेच करून घेऊ की थांबू?

दोन ते चार आठवडे थांबा. लाकडाला तुमच्या खोलीच्या हवेशी जुळवून घेऊ द्या. आल्या आल्या लावलेला सूर फार दिवस टिकत नाही. मात्र हे दिवस पियानो बंद करून ठेवू नका, वाजवत राहा. पोहोचताच कानाला सहन होणार नाही इतका बेसूर असेल, तर आधी विक्रेत्याला कळवा.

६. पहिल्या वर्षी किती वेळा, आणि पुढे किती वेळा?

पहिल्या वर्षी तीन ते चार वेळा, नंतर वर्षातून निदान दोनदा. बहुतेक उत्पादकांचा सल्लाही याच्या आसपासचाच असतो. पियानोसोबत आलेली पुस्तिका जरूर वाचा, कारण हमीच्या अटींमध्ये नियमित ट्यूनिंगचा उल्लेख असू शकतो.

ही चार ट्यूनिंग सरळ तीन-तीन महिन्यांवर टाकण्यापेक्षा हवेकडे बघून ठरवा. दमट दिवस सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की एक, कोरडे दिवस स्थिरावले की एक. हवा बदलत असतानाच लावलेला पियानो ती बदलून झाल्यावर पुन्हा हललेला सापडतो. रोज तासन्‌तास वाजणाऱ्या किंवा शिकवणीच्या पियानोला जास्त वेळा लागेल. मैफलीच्या रंगमंचावरचा पियानो तर प्रत्येक कार्यक्रमाआधी लावला जातो.

७. मला तर काहीच बेसूर वाटत नाही. तरी करून घ्यायचं?

घ्यायचं. सूर एका रात्रीत उतरत नाही, रोज कणाकणाने उतरतो, आणि रोज ऐकणारा कान त्याच्यासोबत सरकत जातो. महिनाभराने आलेल्या पाहुण्याला जे खटकतं ते घरच्यांना ऐकू येत नाही.

स्वतः तपासायचं असेल तर गाणं वाजवू नका. मधल्या भागातली एकच पट्टी दाबा आणि स्वर विरेपर्यंत ऐका. त्या एका पट्टीमागे तीन तारा आहेत. त्यातली एक ४४० वर आणि दुसरी ४४१ वर असेल तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. तिन्ही तारा नीट जुळलेल्या असतील तर स्वर सरळ रेषेसारखा विरत जातो. अशा दहा-बारा पट्ट्या ऐका. मग एकच स्वर दोन सप्तकांत एकदम दाबून ऐका. यात कुठे लहर जाणवली, तर तुमचा कान बरोबर सांगतोय.

घरात कोणी शिकणारं असेल तर ही गोष्ट मी फार आग्रहाने सांगतो. लहान मूल पहिल्या वर्षी जे ऐकतं, तेच त्याच्या मनात खरा स्वर म्हणून बसतं.

८. पहिल्या दोन-तीन वर्षांत ट्यूनिंग केलंच नाही. पियानो कायमचा खराब झाला का?

नाही, पण आता एका ट्यूनिंगमध्ये तो ताळ्यावर येणार नाही. शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. चार-पाच सेंट उतरलेला पियानो एका बैठकीत नीट लागतो. वीस सेंट उतरलेला असेल तर सगळ्या तारांवर मिळून चारशे किलोच्या आसपास जादा ताण चढवावा लागतो. एका बाजूच्या तारा ओढल्या की साउंडबोर्ड दबतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात.

मी एकदा विकत घेतल्यापासून चार वर्षं हात न लावलेला पियानो लावला. ‘ए’ ४३० हर्ट्झवर आला होता, म्हणजे जवळजवळ चाळीस सेंट खाली. ८०० किलोंहून जास्त ताण परत चढवायचा होता. पहिल्या फेरीत प्रत्येक स्वर मुद्दाम हवा त्यापेक्षा थोडा वर नेऊन ठेवला. वरच्या टोकाला पोहोचेपर्यंत मधला भाग पुन्हा खाली आला होता. दुसऱ्या फेरीत सगळं ४४० च्या जवळ आलं, तिसऱ्या फेरीत बारकाईने लावलं, आणि तीन आठवड्यांनी परत गेलो तेव्हा पुन्हा आठ-दहा सेंट उतरलेलं होतं. चौथ्या फेरीत तो स्थिर झाला. वेळेवर केली असती ती ट्यूनिंग अखेर करावीच लागली. फक्त मधली चार वर्षं त्या घरातली मुलगी चुकीच्या सुरात शिकली, ती परत आली नाहीत.

अशा वेळी एखादी तार तुटण्याचा धोकाही असतो. नव्या पियानोत तो कमी, जुन्या गंजलेल्या तारांमध्ये जास्त.

९. आम्ही पियानो फारसा वाजवतच नाही. तरीही?

तरीही. तारांवरचा ताण झाकण बंद असतानाही तेवढाच असतो आणि हवा झाकण बघून थांबत नाही. वाजवल्यामुळे सूर थोडा लवकर हलतो हे खरं, पण न वाजवल्याने तो टिकत नाही. न वाजणाऱ्या पियानोला पहिल्या वर्षानंतर वर्षातून एकदा लावलं तरी चालेल. त्यापेक्षा कमी करू नका.

१०. ट्यूनर येऊन दोनच आठवडे झाले आणि एक स्वर उतरला. काम नीट झालं नाही का?

एक-दोन स्वरांतली एखादी तार सरकली असेल तर नव्या पियानोत ते स्वाभाविक आहे. ट्यूनरला फोन करा. चांगला ट्यूनर येऊन ती तार सारखी करून जातो, आणि कोणती तार सरकली हे कळणं त्यालाही हवंच असतं.

काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे ताडून बघता येईल. चावीने खुंटी फिरवली की ती आधी स्वतःत पिळली जाते आणि मग लाकडात फिरते. हात काढला की तो पीळ थोडा उलटतो. शिवाय तार खुंटीपासून ब्रिजपर्यंत दोन-तीन ठिकाणी घासून जाते, त्यामुळे प्रत्येक टप्प्यातला ताण थोडा वेगळा असतो. हा पीळ आणि हा फरक दोन्ही काढून टाकणं यालाच खुंटी बसवणं म्हणतात. ट्यूनर पट्टी जोरजोरात ठोकताना दिसतो तो त्यासाठी: ताण सगळीकडे सारखा व्हावा आणि जे सरकायचं ते त्याच्यासमोरच सरकावं. सगळं काम हळुवार पट्ट्या दाबून चाळीस मिनिटांत आटोपलं असेल आणि आठवड्यात निम्मा पियानो लहरत असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

११. बसणं कुठे संपतं आणि खोट कुठे सुरू होते, हे कसं ओळखायचं?

नीट बसत असलेल्या पियानोत प्रत्येक ट्यूनिंगनंतर उतरण्याचं प्रमाण कमी होत जातं, आणि उतरतो तो एखादा स्वर नसून सगळा पट्टा असतो. तेच तेच स्वर प्रत्येक वेळी, काही दिवसांतच मोठ्या फरकाने घसरत असतील, तर खुंट्या सैल असू शकतात. खुंट्या ज्या लाकडात रुततात तो पिनब्लॉक अनेक थरांच्या कठीण लाकडाचा असतो आणि खुंटी त्यात निव्वळ घर्षणाने उभी असते. ते घर्षण कमी पडलं तर कितीही लावा, तार टिकणार नाही. चावी फिरवतानाच ट्यूनरला हाताला हे कळतं. त्याच्याकडून लेखी घ्या आणि हमीच्या मुदतीतच उत्पादकाकडे जा. आधीच्या ट्यूनिंगच्या नोंदी इथे फार उपयोगी पडतात (प्रश्न २२).

१२. हार्मोनियम वर्षानुवर्षं सुरात राहते. पियानोलाच एवढे लाड का?

हार्मोनियममध्ये ताणलेलं काहीच नसतं. पितळेची जीभ एका टोकाला पक्की बसवलेली असते आणि तिचा स्वर तिच्या लांबीवर, जाडीवर ठरतो. पियानोचा स्वर ताणावर ठरतो, आणि ताण ही टिकवून धरावी लागणारी गोष्ट आहे. गिटार किंवा व्हायोलिन वाजवणारा तर प्रत्येक वेळी तारा जुळवूनच सुरुवात करतो. चार-सहा तारांना जे रोज लागतं ते २३० तारांना काही महिन्यांनी लागतं, यात पियानोचं कौतुकच आहे.

१३. मोबाइलवर ट्यूनरचं ॲप आहे. चावी विकत आणून स्वतः लावू का?

नव्या पियानोवर तरी नको. ॲप कंपनसंख्या बरोबर सांगतं, पण खुंटी बसवणं (प्रश्न १०) ते शिकवू शकत नाही, आणि अर्धा अंश म्हणजे किती हे हाताला कळायला वर्षं जातात. शिकाऊ हात खुंटी नकळत वाकवतो, पुढेमागे हलवून तिचं भोक मोठं करतो. ते नुकसान भरून निघत नाही.

दुसरी अडचण सुराची आहे. जाड आणि ताठ तारेच्या मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे उपस्वर गणितापेक्षा किंचित चढे असतात, म्हणून खर्ज थोडा उतरता आणि वरचे स्वर थोडे चढे ठेवले तरच कानाला पियानो सुरेल लागतो. किती, ते प्रत्येक पियानोत वेगळं. साधं ॲप प्रत्येक स्वर गणिताप्रमाणे लावायला सांगतं आणि टोकाकडची सप्तकं मिटल्यासारखी वाटतात. पियानोसाठीच बनवलेली महागडी ॲप हा विचार करतात आणि अनेक ट्यूनर ती वापरतातही, पण तारा शेवटी हातानेच जुळवाव्या लागतात. शिकायचंच असेल तर एखाद्या जुन्या, टाकून द्यायच्या पियानोवर शिका.

१४. हवेचं काय करता येईल?

बरंच काही, आणि हाच खर्च सगळ्यात जास्त फेडतो. पियानोच्या खोलीतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत, आणि शक्यतो स्थिर ठेवा. आकडा अगदी आदर्श नसला तरी चालेल, पण चढउतार नको. एक आर्द्रतामापक आणून पियानोजवळ ठेवा. महिनाभर सकाळ-संध्याकाळ बघितलंत तरी तुमच्या खोलीचा स्वभाव कळेल.

पियानो उघड्या खिडकीसमोर, उन्हाच्या तिरिपेत, हीटरजवळ किंवा एसीच्या झोतात ठेवू नका. ऊन किंवा झगझगीत दिवा थेट पडला की तारा चौकटीच्या आधी तापतात आणि सूर उतरतो. एसी दिवसा चालू आणि रात्री बंद ठेवल्याने रोज दोनदा ऋतू बदलल्यासारखं होतं. एकाच मध्यम पातळीवर चालवलेला बरा. पियानोच्या आत बसवायची आर्द्रता-नियंत्रक यंत्रणाही मिळते: दमट हवेत मंद गरम होणारी कांडी, कोरड्या हवेत ओलावा देणारं भांडं, आणि दोन्हींना चालू-बंद करणारा नियंत्रक. ती नीट बसवलेल्या पियानोंमध्ये ऋतूंमधला फरक बराच कमी झालेला मी पाहिला आहे. पण तिने तारांचं लांबणं थांबत नाही, म्हणून पहिल्या वर्षीची ट्यूनिंग कमी करू नका.

१५. पियानो फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवला. पुन्हा ट्यूनिंग?

लगेच नाही. चाकांवर सरकवण्याने सूर सहसा फारसा हलत नाही, हलतो तो नव्या खोलीच्या हवेने. दोन-तीन आठवडे थांबून ऐका. घर बदललं असेल तर मात्र प्रश्न ५ प्रमाणेच करा.

१६. ग्रँड (आडव्या, लांब) पियानोला ट्यूनिंग कमी लागतं का?

नाही. तारा, खुंट्या, साउंडबोर्ड सगळं तेच. लांब पियानो सुरेल जास्त वाटतो, म्हणून त्यातली चूक उलट लवकर ऐकू येते.

१७. डिजिटल, हायब्रिड किंवा सायलेंट पियानोला ट्यूनिंग लागतं?

आत तारा आहेत का, एवढंच विचारा. डिजिटलमध्ये नसतात, त्याला लागत नाही. सायलेंट पियानो हा खराखुरा पियानो असून त्यात हातोड्या अडवण्याची सोय असते. हेडफोन लावून वाजवलात तरी तारांवर ताण तेवढाच, त्यामुळे त्याला लागतं. हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्यांपैकी काहींत खऱ्या यंत्रणेसोबत तारा असतात, काहींत नसतात. घेताना झाकण उघडून पाहा.

१८. ‘नवा’ म्हणून घेतला, पण तो तीन वर्षं दुकानातच उभा होता. तो नवा धरायचा की जुना?

ती तीन वर्षं तो कसा ठेवला होता यावर अवलंबून आहे. वर्षातून दोनदा ट्यून होत असेल तर तारांचं बसणं बरंचसं झालेलं आहे, आणि हा तुमचा फायदाच. मग दोन-तीन ट्यूनिंगमध्ये तो तुमच्या खोलीशी जुळेल. तसाच उभा असेल तर तारा बसल्या आहेत पण खालच्या ताणावर, म्हणजे प्रश्न ८ मधली परिस्थिती. घेण्याआधी ‘ए’ किती हर्ट्झवर आहे ते मोजा. ४४० पासून पाच हर्ट्झ खाली म्हणजे वीस सेंट. तेवढं असेल तर सूर वर आणण्याचं काम विक्रेत्याने करून द्यावं, अशी बोलणी आधीच करा.

१९. पियानो जुना आहे, पण तारा नव्या घातल्या. किंवा एकच तार तुटून बदलली. मग?

सगळ्या तारा नव्या असतील तर ट्यूनिंगपुरता तो नवाच पियानो समजा. लाकूड जुनं असल्याचा फायदा तारांना मिळत नाही. एकच तार बदलली असेल तर ती काही आठवडे शेजारणींपेक्षा खाली उतरत राहील. ट्यूनर तिला थोडी चढी ठेवतो किंवा मधे फेल्ट (लोकरीचं जाड कापड) अडकवून तात्पुरती गप्प करतो आणि दोन-तीनदा येऊन ओढतो. स्वर बाकीच्या तारांवर वाजत राहतो. खर्जातल्या एकट्या तारेला ही सोय नाही.

२०. ४४० ऐवजी ४४२ वर लावता येईल का?

येतं. ‘ए’ ४४० हर्ट्झ असावा हे १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ठरलं आणि पुढे ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झालं. त्याआधी फ्रान्समध्ये १८५९ पासून ४३५ होता. आजही काही वाद्यवृंद ४४२ वर वाजवतात. पण ४४० वरून ४४२ म्हणजे आठ सेंट, आणि सगळ्या पियानोवर दीडशे किलोच्या आसपास जादा ताण. एकदा कोणता तो ठरवा आणि तोच कायम ठेवा. पहिल्या वर्षात तर पियानो ज्या सुरावर बसणार तोच सतत हवा, दर वेळी वेगळा आकडा दिला तर बसण्याचं काम पुन्हा सुरू होतं.

२१. वर्षभरात आवाज कर्कश झालाय आणि काही पट्ट्या जड लागतात. हेही ट्यूनिंगने जाईल?

जाणार नाही, ती दोन वेगळी कामं आहेत. हातोडीच्या फेल्टवर वाजवून वाजवून तारांच्या खाचा पडतात, फेल्ट दबून घट्ट होतं आणि आवाज धारदार होतो. सुया टोचून ते पुन्हा मऊ करणं म्हणजे व्हॉइसिंग. पट्ट्यांखालचं आणि यंत्रणेतलं फेल्ट दबल्याने अंतरं बदलतात, ती पुन्हा लावणं म्हणजे रेग्युलेशन. दमट हवेत पट्टीच्या भोकातलं अस्तर फुगूनही पट्टी अडकते. नव्या पियानोला वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास एकदा रेग्युलेशन करून घ्या, त्याने वाजवण्यातला आनंद फार वाढतो. ट्यूनर आला की हे वेगळं सांगा, नाहीतर तो तारांपुरतंच बघून जाईल.

२२. ट्यूनर येणार त्या दिवशी आम्ही काय तयारी करावी?

पियानोवरच्या तसबिरी, फुलदाण्या काढून ठेवा. दीड-दोन तास शांतता द्या. पंख्याचा घरघराट आणि स्वयंपाकघरातलं मिक्सर यांत लहरी ऐकू येत नाहीत. खोली नेहमी जशी असते तशीच ठेवा. त्या दिवसापुरता एसी लावू नका. खटकणाऱ्या पट्ट्या आधीच एका कागदावर लिहा.

आणि एक छोटी वही पियानोच्या बाकात ठेवा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी लिहून घ्या: तारीख, काम सुरू करण्याआधी ‘ए’ किती हर्ट्झवर होता, आणि त्या वेळची खोलीची आर्द्रता. ट्यूनर बदलला तर नव्याला आधी ही वही दाखवा.